पंख्याच्या दांड्यावरची तार

तार तुटलेली होती. इंजिनापासून पाण्याखालच्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याला गुंडाळलेली ती बारीक तांब्याची तार शिशाच्या सीलसकट होडीच्या तळाशी पडली होती. भिंगकाका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ती उचलली.

गोदीत सगळे त्यांना भिंगकाकाच म्हणत, कारण गळ्यात कायम भिंग. होड्या तपासण्यात त्यांची हयात गेली होती. नियम साधा होता. एकट्याने, कुठेही न थांबता, फक्त शिडांवर पृथ्वीला फेरी मारायची. पंखा फिरला की दांडा फिरणार, तार तुटणार आणि विक्रम बाद. आज संध्याकाळी समिती निकाल देणार होती. आणि ही फेरी मारून आलेली पोरगी शिडं बांधायला शिकली होती ती भिंगकाकांच्या डोळ्यांदेखत.

"शेवटच्या टप्प्यात वारा पडला होता," जुना विक्रमवीर म्हणाला. तिने मोडलेला विक्रम त्याचा, तक्रारही त्याचीच. "मग ही पोचली कशी? इंजिनावर."

"होडीत आधी कोण उतरलं? तुम्ही?"

"समितीच्या सचिवांबरोबर. एकटा नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणे. माझ्या मनात शोधून बघा, लख्ख अमावास्या आहे."

गोदीच्या पहारेकऱ्यानेही तेच सांगितलं. "चार दिवसांपूर्वी ताईंना धक्क्यावरून थेट दवाखान्यात नेलं. किल्ली त्यांच्या आईकडे दिली. संध्याकाळी त्या होडीतले मळके कपडे न्यायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि सचिव साहेब आले, त्यांना तार तुटलेली दिसली. बाकी चिटपाखरू नाही."

भिंगकाकांनी तार भिंगाखाली धरली. खाऱ्या हवेने ती हिरवट पडली होती. टोकं मात्र चपटी आणि चकचकीत होती. मग त्यांनी क्रेनने होडी वर उचलायला लावली. तळाला शिंपले चिकटले होते, आणि पंख्याच्या पात्यांवरही तसाच जाड थर. त्यांनी तिथे नख लावून पाहिलं आणि विक्रमवीराला म्हणाले, "चला, पोरीच्या घरी जाऊ."

घर म्हणजे पुढे शिवणाची खोली आणि मागे स्वयंपाकघर. पोरगी खाटेवर पडली होती. ओठ फुटलेले, गुडघे सुजलेले. आई टेबलावर कापड बेतत होती. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता. तेव्हापासून या शिवणावरच तिने लेकीला वाढवलं होतं.

"इंजिन चालवलंस?" भिंगकाकांनी विचारलं.

"नाही."

"मग तार कोणी तोडली?"

"मला काही बोलायचं नाही, काका."

"अगं, जन्मभर खोटारडी म्हणतील तुला."

"म्हणू देत."

भिंगकाका चक्रावले. लहानपणी एका गोटीसाठी गोदी डोक्यावर घेणारी ही पोर आज पडतं घेत होती. कात्री कापडात अडली. आईने हिसका दिला, ती पुढे सरकली आणि पुन्हा तशीच अडली. पोरीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

याच कात्रीने कागद कापला म्हणून पोरीने एकदा मार खाल्ला होता, तो भिंगकाकांना आठवला. ती कात्री कापडाशिवाय कशालाच लागत नसे.

भिंगकाका विक्रमवीराकडे वळले. "पंखा फिरला असता, तर पात्यांवर एक शिंपला टिकला नसता. म्हणजे इंजिनाने होडी चाललीच नाही. तार ओढून तुटली असती, तर टोकं निमुळती झाली असती. ही कापलेली आहेत. समुद्रात कापली असती तर हिरवी पडली असती. म्हणजे कापली ती होडी धक्क्याला लागल्यावर, हाताशी होतं त्याने." त्यांनी हात पुढे केला. "वहिनी, कात्री द्या."

तिने दिली. पात्याच्या धारेला बारीक खाच होती. तार त्या खाचेत अचूक बसली.

"विक्रम मान्य झाला की उलट्या वाऱ्याच्या, याहून जीवघेण्या सफरीचं बोलावणं येणार होतं हिला," आई म्हणाली. "खोटी ठरली तर कोणी होडी देणार नाही. नाव जाईल, पण पोर तरी राहील. भाऊजी, मी आणखी काय करायला हवं होतं?"

"तुला माहीत होतं?" भिंगकाकांनी पोरीला विचारलं.

"परवा कात्री अडली तेव्हाच कळलं." ती आईकडे बघत होती. "आई, मी नव्हतेच जाणार. विचारायचं तरी."

"तुझे बाबाही म्हणाले होते, ही सफर शेवटचीच."

विक्रमवीराने डोक्यावरची टोपी काढली. "तक्रार मागे घेतो," एवढंच तो बोलला.

"वहिनी, समितीला काय कळवू?"

"खरं ते कळवा. मी कापली म्हणून सांगा." ती पुन्हा टेबलाशी गेली. "आता नेतील तुला त्या सफरीला," ती लेकीला म्हणाली.

पोरगी उठली. लटपटत टेबलापर्यंत आली आणि कापडाचं दुसरं टोक तिने ताणून धरलं, म्हणजे कात्री अडणार नाही. आई थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. भिंगकाकाही दारात थांबले.

पण नाही जाणार, असं ती पुन्हा म्हणाली नाही.