बोटं उचल आधी

सगळी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेली, त्यामुळे पाना-पेचकसाची त्याला भीती नव्हती. बायको गेल्यावर भीती वाटायची ती दुपारची. जेवण उरकलं की घर अंगावर यायचं. म्हणून त्यानं कॉम्प्युटर जुळवायला घेतला. लग्नानंतर घरात आलेला पहिला कॉम्प्युटर जसा होता, अगदी तसा. पत्र्याचा पिवळट डबा, फुगीर काचेचा मॉनिटर, चालू झाला की खरखरणारी डिस्क. अट एकच होती, त्या सालानंतरचा स्क्रूसुद्धा आत जाता कामा नये.

"बाबा, तो खेळ आता मोबाईलवर फुकट मिळतो," मुलगी फोनवर म्हणाली.

"मोबाईलवर खांद्याला खांदा लावून बसता येतं का?"



खेळ मारामारीचा होता. दोन पैलवान आणि दोघांत मिळून एक कीबोर्ड. डावीकडे बायको, उजवीकडे तो. त्या कीबोर्डात एक खोट होती. डावीकडची ठरावीक तीन बटणं एकदम दाबून धरली की उजवीकडची मुकी व्हायची. बायकोनं ते बरोबर हेरलं होतं. दोन बोटं जवळजवळ, तिसरं वर ताणलेलं. अशी बोटं रोवली की त्याचा पैलवान खांबासारखा उभा राहायचा आणि ती दुसऱ्या हातानं त्याला बदडून काढायची.

"बोटं उचल आधी!" तो ओरडायचा.

तो आडवा झाला की ती हसत बोटं उचलायची. "उठा, पैलवान." पडलेल्याला तिनं कधीही मारलं नाही. ही लबाडी दोघांतच राहिली. मुलीच्या जन्माआधीच तो कॉम्प्युटर बंद पडला होता.

भंगारवाल्यानं दोन कीबोर्ड पुढे टाकले. दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून त्यानं दोन्हींवर ती तीन बटणं दाबून पाहिली आणि बिघडलेला उचलला.

"काका, गिऱ्हाईक चालणारा माल मागतं. तुम्ही अडकणारा मागताय!"

"मला अडकणाराच हवाय."

"न्या बाबा. ज्या घरातून हा उचलला, तिथलं बाकी सगळं सामान फुटलेलं होतं, एवढाच काय तो धड."

घरी साबणाच्या पाण्यानं बटणं धुताना त्याच्या लक्षात आलं, की डावीकडची अक्षरं पार झिजून गेली होती. उजवीकडची मात्र नवी कोरी होती. जणू उजवीकडच्याला कधी बटण दाबताच आलं नव्हतं.

डबा सुरू झाला, डिस्क खरखरली. मशिननं तारीख विचारली, त्यानं त्याच जुन्या सालची टाकली. शेजारची खुर्ची रिकामी होती. डावीकडचा पैलवान नुसता उभा राहील आणि आपण त्याला चार ठोसे देऊन बघू, एवढाच त्याचा विचार होता.

त्याची बटणं मुकी झाली.

त्यानं पुन्हा दाबली, आपटली, पण काहीच होईना. पडद्यावरचा डावा पैलवान पुढे आला आणि ठोसे घालू लागला. त्याला रडू फुटलं आणि हसूही. "बोटं उचल आधी," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं होतं, ते त्याला उठल्यावर कळलं. डब्याची कड लागली असेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दुपारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला.

त्या दिवशी त्याचा पैलवान पहिल्याच फटक्यात आडवा झाला. तो बोटं उचलली जायची वाट बघत राहिला. डावा पैलवान जवळ आला आणि त्यानं पडलेल्याच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. तो खुर्चीवरून खाली कोसळला. आत काहीतरी कडकन मोडलं होतं, श्वास घेताना सुरी फिरत होती. वर, पडद्यावर, लाथा चालूच होत्या.

ही ती नव्हे.

तो सरपटत प्लगकडे निघाला, एवढ्यात कुलपात किल्ली फिरली. मुलगी आली होती.

"बाबा! हे काय? कुठे धडपडलास?" तिनं त्याला उठवून खुर्चीत बसवलं, पदर ओला करून तोंड पुसलं. मग पडदा पाहून डाव्या खुर्चीत टेकली. "हाच का तो खेळ?"

"तिथे बसू नकोस."

"आईच्या जागेवर बसले तर जागा झिजेल का?"

"ऊठ म्हणतो ना!"

तिचा डावा हात बटणांवर गेला. दोन बोटं जवळजवळ, तिसरं वर ताणलेलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिला ठोसा पडद्यावर बसला आणि त्याचा दात निखळून जिभेवर आला. दुसऱ्यानं डोळा मिटला. मुलगी पडद्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं, पापणी हलत नव्हती.

"पोरी, बोटं उचल!"

तिनं ऐकलं नाही. हत्यारांच्या पेटीतला हातोडा त्याच्या हाताला लागला. काच फुटली. डबा चेपला. कीबोर्डाखालून तिचा हात ओढून काढून त्यानं घाव घातले, बटणं दातांसारखी उडाली. डिस्कची खरखर थांबेपर्यंत तो घालतच राहिला.

मग सगळं शांत झालं.

"बाबा," ती दमून म्हणाली. "काय करून बसलास हे?"

तिचाच आवाज. त्याचा जीव भांड्यात पडला. तिनं त्याला स्वयंपाकघरात आणलं, पाण्याचा पेला समोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"पी."

त्यानं पेला उचलायला पाहिलं. हात हलला नाही. पाय हलवून पाहिले, तेही हलेनात.

तिचा डावा हात टेबलावर होता. दोन बोटं जवळजवळ, तिसरं ताणलेलं, नखं पांढरी पडेपर्यंत दाबलेली. उजव्या हाताची मूठ हळूहळू वळत होती.

"उठा, पैलवान," ती म्हणाली.

बोटं मात्र तिनं उचलली नाहीत.