कुणीतरी भेटतं

भावना मेश्रामचा दिवस पहाटे पावणेसहाला सुरू होई. आधी हीटर, मग किटली, मग आले किसून घातलेला चहा. सहाच्या ठोक्याला ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे आणि साडेसातपर्यंत एखाद्याचा खून करण्यात गुंतलेली असे. मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या तिच्या एका खोलीच्या युनिटची खिडकी मागच्या कुंपणाकडे उघडत होती. कुंपणावर एक मॅगपाय पक्षी येऊन बसला की बाहेर उजाडले असे समजायचे. साडेसातला आंघोळ, टोस्ट. आणि आठला पुन्हा तीच खुर्ची, तेच टेबल, फक्त लॅपटॉप हॉस्पिटलचा. ती क्लिनिकल कोडर होती. घरी सोडलेल्या रुग्णांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक अपघाताला ठरलेला कोड लावायचा, हे तिचे काम. शिडीवरून पडल्याचा कोड वेगळा, झाडावरून पडल्याचा वेगळा, कुत्रा चावल्याचा आणखी वेगळा. तिच्या दोन्ही छापील रहस्यकादंबऱ्यांची मुळे त्या कागदांतच होती. नावगाव ती कधी उचलत नसे. माणूस कसा पडला, एवढेच तिच्या लक्षात राही.

२०२० चा ऑगस्ट चालू होता. मेलबर्नमध्ये व्यायामासाठी दिवसातून एक तास बाहेर पडता येई, तेही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. भावनाचा तास सव्वाबाराचा. मास्क लावायचा, नदीकाठची पायवाट धरायची आणि पुढचे प्रकरण फोनला सांगत चालायचे. फोन ते मराठीत टाइप करून घेई. तिसरी कादंबरी नागपूरच्या एका मासिकात क्रमशः चालली होती. बारावे प्रकरण शुक्रवारी पाठवायचे होते.

त्या दिवशी बारीक पाऊस होता. वॉटलच्या झाडांची पिवळी फुले वाटेवर चिकटली होती. समोरून येणारी माणसे मुकाट्याने गवतात उतरून वाट देत होती. भावना फोन तोंडाशी धरून सांगत होती, "पूर्णविराम. कुणीतरी दिवा मालवला, पूर्णविराम. पत्र खिशात टाकलं, स्वल्पविराम, आणि जिन्यावर क्षणभर थांबली..."

"थांबली?"

आवाज मागून आला होता. तिने वळून पाहिले. निळे जॅकेट, काळा मास्क, भिजलेला चष्मा. एक उंच माणूस अवघडून उभा होता.

"सॉरी हं. ऐकायचं नव्हतं मला. पण तीन दिवस तुम्ही माझ्या पुढेच चालताय आणि..." त्याने चष्मा पुसला. "कालपर्यंत कळत नव्हतं हो! आज तुम्ही 'थांबली' म्हणालात. म्हणजे खून बाईनं केलाय."

भावनाने फोन तोंडापासून खाली घेतला. अकरा प्रकरणे तिने जिवापाड सांभाळली होती. मराठीत खुनी लपवणे सोपे नसते; क्रियापद लगेच चुगली करते. म्हणून तिचा खुनी अकरा प्रकरणांत एकदाही चालला नव्हता, हसला नव्हता, कुठे बसला नव्हता. कुणीतरी दार उघडले, कुणीतरी किल्ली उचलली, असे बेतून बेतून तिने एवढे अंतर काटले होते. आणि आज एका ईकाराने घात केला होता.

"तुम्ही... प्राध्यापक आहात का?"

"छे. रेल्वे सिग्नलचा इंजिनियर. पण शनिवारी मुलांना मराठी शिकवतो, ऑनलाइन. मागच्या शनिवारी एक मुलगा म्हणतो, 'सॉरी काका, मी झोपली होती.' त्यामुळे कान तयार झालेत माझे." डोळे हसले, बाकीचा चेहरा मास्कखाली राहिला. "चंद्रहास पाटणकर. इथे ऑफिसात हॅस म्हणतात."

"हॅस!"

"काय करणार? 'चंद्र' म्हणायला जातात आणि मध्येच दमतात."

एवढ्या दिवसांत भावना प्रथमच मोठ्याने हसली. तिचे तिलाच ते जाणवले.

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला तो पुलापाशी उभा होता, आणि तिसऱ्याही. एकाला एक सोबत घेऊन चालायची परवानगी होतीच. आठवड्याभरात 'तुम्ही' गळून पडले. ती प्रकरण सांगे, तो क्रियापदे पकडे.

"'जरा मागे सरकली.' आउट!"

"तू माझं पुस्तक नासवणार आहेस."

"वाचवतोय. 'पाय मागे घेतला' कर. पाय घेतला गेला, बाई सुटली."

ती मनातल्या मनात वाक्य फिरवून बघे. बसत असे. मग त्याच्याकडे न बघता म्हणे, "बरं सुचलं हॅसला."

"तू नको हॅस म्हणूस."

"का?"

"तुला पूर्ण नाव येतं."

भावना वाटेच्या कडेकडेने चालू लागली. नदीला गढूळ पाणी होते. मग चंद्रहास म्हणाला, "दीड मीटर मोजून चालतेस का?"

"रहस्य लिहिणारी माणसं मोजूनच चालतात."

"तुझा खुनी तर चालतच नाही!"

असा महिना सरत आला. त्याचा चेहरा तिने अजून पुरता पाहिला नव्हता, पण त्याचे मौन तिला ओळखता येऊ लागले होते: सिग्नलचा विचार करताना तो चष्मा काढी, तिचे वाक्य आवडले की खिशात हात घाली. सव्वाबाराला पाच मिनिटे असताना आपण आरशात बघतो, हेही तिच्या लक्षात आले होते. मास्क लावायच्या आधी, आणि लावल्यावरही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नवे नियम जाहीर झाले. एकटी राहणारी व्यक्ती पुढच्या सोमवारपासून एका, एकाच, माणसाला घरी बोलावू शकणार होती. फॉर्म वगैरे नव्हता. दोघांनी एकमेकांचे नाव ठरवायचे. पण एकदा ठरले की बदलायचे नाही. चंद्रहासही नदीपलीकडे एकटाच राहत होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दोघे त्याविषयी न बोलता पुलापर्यंत आले, आणि तेवढ्यात भावनाचा फोन वाजला. नागपुरात सकाळचे आठ वाजले होते. इंदोरा भागातल्या घरी पहिला चहा झाला की तिची आई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, लेकीला फोन करी.

"हो आई, फिरतेय... नाही गं, एकटी नाही. कुणीतरी असतं सोबत... असंच, ओळखीचं. रोज भेटतं इथे... हो, वाचला नियम. मैत्रिणीला बोलावू, नीलिमाला? अं... बघते. विचारते तिला."

फोन ठेवून तिने वर पाहिले. चंद्रहास कठड्याला टेकून उभा होता.

"'असतं'. 'भेटतं'," तो म्हणाला. "एकही आउट नाही. मानलं."

ती हसली. तो हसला नाही.

"मी नपुंसकलिंगी कधीपासून झालो?"

"आईला उगाच काळजी लागते रे."

"कसली?"

"तुला नाही कळणार, पाटणकर."

"मग कळेल असं सांग."

ती मास्कची दोरी सारखी करू लागली. तो सरळ आवाजात म्हणाला, "मी साताऱ्याला घरी सांगितलंय. दोन आठवडे झाले. आईला म्हटलं, फिरताना कुणीतरी भेटते. 'भेटते' एवढ्यावर तिनं ओळखलं. मग नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, लिहिते म्हणजे काय लिहिते?"

"मला बोलला नाहीस."

"तुझ्यावर ओझं नको म्हणून." त्याने चष्मा काढून पुन्हा घातला. "भावना, पुस्तकात खुनी लपवतात. मी काय केलंय?"

भावनाने फोन खिशात टाकला.

"मी माझं नाव ठरवलंय. तू तुझं ठरव... नीलिमाचं ठरलं तरी राग नाही. तोवर पलीकडच्या काठानं जाईन मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला ती टेबलाशी बसली आणि साडेसातला उठली. कागदावर एक ओळ नव्हती. बुधवारीही तसेच. लिहायचे होते खुन्याविषयी, आणि आठवत होता नागपूरच्या कॉलेजातला विनय. दोन वर्षे त्याने तिला आपल्या घरच्यांपासून लपवले होते. मेश्राम हे आडनाव कळले तर घरात वादळ होईल म्हणून. त्याच्या फोनमध्ये तिचा नंबर 'लायब्ररी' या नावाने होता. एकदा त्याच्या आईसमोर फोन वाजला, तेव्हा तो म्हणाला होता, "काही नाही, पुस्तक परत करायचंय." भावना त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती.

तेव्हा तिने ठरवले होते, असे पुन्हा कुणाला आपल्याशी करू देणार नाही. आपणच ते कुणाशी करू, हे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते. आईपासून ती चंद्रहासला नव्हे, एका आडनावाला लपवत होती. आईला पुन्हा ते सगळे आठवू नये म्हणून. कारण चांगले होते. कारण विनयकडेही चांगलेच होते.

गुरुवारी तिने नागपुरात सकाळ व्हायची वाट पाहिली. सव्वाअकराला हातातल्या रुग्णाचे कागद संपवले. साडेअकराला, नागपुरात सात वाजता, तिने स्वतःहून फोन लावला.

"इतक्या सकाळी? बरी आहेस ना?" आईच्या कपात चमचा वाजत होता.

"बरी आहे. आई, मी नीलिमाला नाही बोलावणार."

"काहून? भांडलीस?"

"नाही. दुसऱ्या कुणाला बोलावतेय. फिरताना रोज भेटतं म्हटलं होतं ना, ते..." तिने श्वास घेतला. "भेटतो. तो रोज भेटतो. चंद्रहास नाव आहे. आणि मला तो आवडतो."

चमचा थांबला.

"आडनाव?"

"पाटणकर."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्यानं सांगितलं का घरी? की यानंही लायब्ररी केली तुझी?"

"सांगितलं. त्यानं केव्हाच सांगितलं." भावना खुर्चीतून उठली. "लपवत मी होते, आई. तुझ्यापासून."

"मग चुकलं तुझं," आई वर्गात बोलावे तशी म्हणाली. आणि जरा वेळाने, खालच्या सुरात, "अन् माझंही असेल. मी धास्तावते, ते दिसत असेल तुला... रविवारी बोलव त्याला फोनवर. मला बघू दे कसा आहे."

"मी पण अजून बघितला नाही गं नीट."

"म्हणजे?"

"मास्क असतो ना!"

"आता काय म्हणावं या पोरीला!" आई म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

फोन ठेवल्यावर भावनाने दोन संदेश लिहिले. पहिला नीलिमाला, कारणासकट. दुसरा चंद्रहासला: "माझं नाव ठरलं. आईला सांगितलं, आडनावासकट. रविवारी तिला तुझ्याशी बोलायचं आहे. सोमवारी साडेबाराला जेवायला ये."

उत्तर मिनिटभराने आले. "येतो."

तिने पुढच्या रुग्णाचे कागद उघडले. शुक्रवारी प्रकरण वेळेवर गेले.

सोमवारी तिने भात एक वाटी जास्त लावला. साडेबाराला तो आला. दारात बूट काढले, हात धुतले, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून मास्क काढला आणि तो कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून राहिला. हनुवटीवर एक जुना व्रण होता. दाढी नीट झाली नव्हती. ओठ तिला वाटले होते त्याहून गंभीर होते.

"काय?" त्याने विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. त्याच्या हातातला मास्क घेऊन तिने दारामागच्या खुंटीला, आपल्या मास्कशेजारी अडकवला. "बस. भात निवतोय."