पाच वर्षं पाणी न पाहिलेली होडी

"डोकं नको असेल तर तिथेच उभा राहा!"

तूरेने वर पाहिलं. पट्ट्यांत अडकवलेली अख्खी होडी त्याच्या डोक्यावर झुलत होती आणि क्रेनच्या केबिनमधून एक बाई त्याच्यावर ओरडत होती. तो उडी मारून बाजूला झाला.

"मी अॅप दुरुस्त करायला आलोय."

"मग आणखी लांब उभा राहा."

ही साइमी. फिनलंडमधल्या तुर्कूजवळच्या या होड्यांच्या यार्डात हिवाळाभर चारशे होड्या शेडमध्ये असतात आणि मे महिन्यात सगळ्यांना एकाच आठवड्यात पाणी हवं असतं. यंदा एकेका होडीची नोंद उघडायला मिनिट लागत होतं. धक्क्यावर रांग वाढत होती, शिव्याही.

"वीस वर्षांच्या नोंदी एकाच ठिकाणी कोंबल्यात," कॉफी पिताना तूरे म्हणाला. "जुन्या वेगळ्या ठेवतो. पुसत नाही, फक्त बाजूला. पण जुनी म्हणजे कोणती, ते तू सांग."

"पाच वर्षं पाण्यात गेली नाही ती. संपली म्हणायची."

"माणसांनाही हाच नियम?"

"तू शेवटचा कधी गेलास पाण्यात?"

"...तिसरीत."

ती मोठ्याने हसली. तूरेची कॉफी तशीच गार झाली.

बुधवारी अॅप पळायला लागलं. तरी तो दिवसभर क्रेनच्या आसपास रेंगाळला. अर्थात, लांब उभा राहून.

शुक्रवारी बॅग भरून तो ऑफिसात सही घ्यायला आला आणि टेबलावरची मोडीची यादी दिसताच त्याने ती उचलून मोजली. मेच्या शेवटच्या शुक्रवारी, ज्या होडीला मालक नाही ती मोडीत काढायची, ही यार्डाची पद्धत. दरवर्षी एखाद-दुसरी असे. आज सव्वीस होत्या. जुन्या नोंदींबरोबर मालकांची नावंही बाजूला गेली होती. ही यादी अॅपमधूनच निघते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

तो शेडकडे धावला. होड्या मोडायच्या यंत्राचा जबडा एका लहान लाकडी होडीवर उघडला होता, आणि होडीत साइमी बसली होती.

"उतर गं खाली! यादीत मालक नाही हिला!" यंत्रावरचा म्हातारा ओस्मो ओरडला.

"मालक मी आहे! मी आणि माझा नवरा, ताइस्तो!" तिचा आवाज फाटला.

"थांबा! पाच मिनिटं!" तूरेने जमिनीवरच लॅपटॉप उघडला. ओस्मो दर मिनिटाला घड्याळ बघत होता. अखेर नोंदी परत आल्या. या होडीपुढे दोन नावं होती, आणि ताइस्तोच्या नावापुढे सहा वर्षांपूर्वीची मृत्यूची तारीख.

ओस्मोने फोनवर यादी पाहिली. "बिनमालकाच्या दोनच उरल्या," तो पुटपुटला आणि यंत्र मागे घेऊन गेला.

"चूक माझी," तूरे म्हणाला.

"नियम मी सांगितला. दर रविवारी इथे येऊन बसते मी... आणि तरी तोंडातून निघालं, संपली म्हणून." तिने डोळे पुसले. "तुझी गाडी अकराची ना?"

"हो... पण मला जायचं नाही. काम संपलंय. तुझ्यासाठी थांबायचंय. म्हणजे... तुला चालत असेल तर."

तिने होडीच्या फळीवर हात फिरवला.

"लाकूड सुकून फटी पडल्यात. पाण्यात सोडली की लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत दोन दिवस गळेल. एकटीला पाणी उपसणं जमणार नाही मला."

तूरेने बॅग होडीत टाकली.

"भांडं कुठंय?"