कोपऱ्यातली सही

"फवारा मारलास ना गं, ताई?" बूट न काढताच धाकट्यानं दारातून विचारलं.

"मारला," ताई म्हणाली… आणि ते खोटं तिच्या जिभेवर साखरेसारखं विरघळलं!

कोळशाचं चित्र म्हणजे कागदावर टेकलेली धूळ. वरून फवारा मारून ती बसवली नाही, तर बोट लागायचा अवकाश, डोळे पुसले जातात, ओठ पुसले जातात… समोर दिवंगत वडिलांचा चेहरा होता, आठ्या पेन्सिलीनं कोरलेल्या, गालांवरच्या सावल्या कोळशाच्या. रुमालात कोळसा धरून धाकट्यानं कोपऱ्यात आपली झोकदार सही ठोकली. चित्र कच्चं आहे, हे त्याला कळलंही नाही. ज्याचे हात कधी काळे झाले नाहीत, त्याला कसं कळावं!

वडील गेले तेव्हा चित्रशाळेतली आपली जागा तिनं सोडली आणि कमावून त्याला शिकवलं. पण रेषा काही त्याच्या हाताला वश झाली नाही. मग ती काढी, तो सही करी. "नाव माझं, पण घर आपलं ना, ताई!" तो म्हणे, आणि ती वेडी हसे. झिजली ती, उजळला तो. तरी तिनं हूं की चूं केलं नाही. पण काल पाहुण्यांनी "या कोण?" म्हणून विचारलं, तेव्हा तो सहज म्हणाला, "ही होय? माझ्या पेन्सिलींना टोक काढून देते."

टोक…! ते टोक काळजात रुतलं ते रुतलंच.

प्रत्येक प्रदर्शनात काच बसवण्याआधी तो लोकांसमोर चित्रावरून तळहात फिरवी. "बघा, कण हलणार नाही!" उद्याही फिरवील. फिरव, बाळा! तुझ्याच हातानं तुझं नाव मातीत जाऊ दे! बाबा, क्षमा करा… तुमचाच चेहरा मी सुरुंगासारखा पेरते आहे.

दुसऱ्या दिवशी दालन माणसांनी फुललं. ताई भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांत निखारे घेऊन. धाकटा पुढे आला, त्यानं हात उचलला… आणि थांबला.

"आज माझा नाही, आईचा हात फिरेल. तिला दिसत नाही. पण बाबांना ती हातानं तरी बघेल!"

दृष्टी गेल्यापासून उंबरा न ओलांडलेली आई कुणाचा तरी हात धरून आत येत होती! आईनं बोटं पुढे केली. आता ती बोटं नवऱ्याचा चेहरा पुसणार, आणि जन्मभर म्हणत राहणार, मीच पुसला गं यांना, मीच…!

"आई, हात लावू नकोस!" ताईनं धावत येऊन तिचं मनगट धरलं. "कच्चं आहे ते. फवारा मारलेला नाही."

"तुला कसं माहीत?" आईनं शांतपणे विचारलं.

ताई लोकांकडे वळली.

"कारण मी काढलंय ते! आजवरची सगळी मीच काढली! आणि फवारा मुद्दाम मारला नाही… याची सगळ्यांसमोर धूळधाण व्हावी म्हणून!"

धाकट्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. त्यानं नाकारायला तोंड उघडलं. पण आईचा चेहरा नेमका त्याच्याकडे वळलेला होता. मान खाली घालून तो पुटपुटला, "खरं आहे, आई. रेघही माझी नाही."

ताई चित्राजवळ गेली. अंगठा टेकवला, एकदाच फिरवला. कोपऱ्यातली झोकदार सही नाहीशी झाली, राहिला फक्त राखाडी डाग. कितीतरी वर्षांनी तिच्या छातीत श्वास पुरता भरला.

"आता मार फवारा," पिशवीतली बाटली धाकट्याच्या हाती देत ती म्हणाली. "जवळून मारू नकोस, ओघळेल."

त्यानं मारला, डोळे वाहत होते, तरी हात हलू दिला नाही. चित्र वाळल्यावर आईची बोटं कपाळावरून फिरली. "किती खोल गं या आठ्या, पोरी… आमच्याच काळजीच्या ना?" बोटं खाली कोपऱ्यात येऊन थांबली. "इथं काहीच नाही?"

"तिथं ताईची सही यायची आहे," धाकटा म्हणाला.

त्यानं ताईच्या पिशवीतून पेन्सिल अन् पातं काढलं आणि टोक करू लागला. टोक मोडलं. पुन्हा केलं, पुन्हा मोडलं, बोट कापलं. कुणी हसलं नाही.

"घे, ताई…"

तिनं टोक उजेडाकडे धरून पाहिलं. "बोथट आहे," ती म्हणाली. "पुन्हा काढ."

आणि तो पुन्हा टोक काढत असताना तिनं आपल्या पदरानं त्याचं रक्ताळलेलं बोट पुसलं.