दगडावरचा अंगठा

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे त्या खोलीत नव्हतो, बाहेर होतो. बरं, बाहेरही नव्हतो, घरी झोपलो होतो. पण ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याला थाप मारता येत नाही. ते सगळं कसब माझ्याच वाट्याला आलंय.

“मामा, मागच्या वेळी भूत मोटारसायकलवर बसून आलं होतं,” गच्चीवर शेजारी बसलेली भाची म्हणाली.

“ते ऐकीव होतं. तो मोबाइल पालथा ठेव. उजेडात सांगायची गोष्ट नाही ही.”

तर हा मित्र. घरी त्याला दगडोबा म्हणतात. लहानपणी चड्डीच्या खिशात कायम दगड, म्हणून बहिणीनं ठेवलेलं नाव. मोठेपणी धंदाही तोच झाला, फक्त दगड लांबचे झाले. मंगळावरचे. तिथे एक यंत्र उतरवलेलं होतं. ते जे फोटो पाठवी त्यावरून तिथली जमीन कशी घडली हे शोधायचं, हे त्याचं काम. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जरासा मोठा. त्यामुळे त्या यंत्राच्या घड्याळावर काम करणाऱ्याची पाळी रोज थोडी थोडी पुढे सरकते. आज सकाळची, तर काही दिवसांनी ऐन रात्रीची. बायको म्हणायची, “नवरा मंगळावर असला तरी पगार इथे होतो, एवढंच बरं.”

त्याला दगड वाचायला शिकवलं ते सरांनी. किरकोळ अंगाचा म्हातारा, जिभेला मात्र धार. सरांची एक पद्धत होती. दगड दिसला की आधी हातोडीच्या दांड्यानं ठोकायचा. दोनदा. मग थांबून एकदा. “कुणाच्या घरात शिरण्याआधी दार वाजवतोस ना? मग इथे कसली घाई?” त्यानंतर अंगठा जिभेला लावून दगडावर घासायचा. दगड ओला झाला की खरा रंग दाखवतो, अंगातल्या रेघा दाखवतो. तरुणपणी हातोडी चुकून तो अंगठा फाटला होता. जखम भरली, पण ठशात मधोमध एक तिरकी भेग कायमची राहिली. कुणाच्या लग्नाला गेले तरी हॉलच्या खांबाला अंगठा लावून बघायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, लाजेनं दुसरीकडे बघायच्या.

यंत्राच्या पुढ्यात एक दगड होता, बसलेल्या कुत्र्याएवढा. त्यावरून गुरू-शिष्यांचं वाजलेलं. दगडोबा म्हणे, हा लाव्हा थिजून झालाय. सर म्हणत, नाही, हा तळ्याच्या तळाशी गाळावर गाळ बसून झालाय, धूळ पूस म्हणजे रेघा दिसतील. तळं होतं म्हणजे तिथे पाणी होतं. सरांनी उमेदीच्या वयात हेच लिहिलं होतं आणि भरल्या सभेत लोक हसले होते. म्हाताऱ्याला मरण्याआधी त्या रेघा बघायच्या होत्या. बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि नेमका यंत्राचा ब्रश अडकला. मोठं धुळीचं वादळ झालं, दगड बुडाला धुळीत, यंत्राची सोलर पॅनलंही बुडाली. रोज फोन यायचा.

“पुसलास का रे?”

“सर, ब्रश अडकलाय.”

“मग थुंकी लाव.”

“थुंकायला तिथे कोण जाणार, सर?”

“तुला जमत नसेल तर मी जातो.”

दोघंही हसायचे. मग सर हॉस्पिटलमध्ये गेले. फोन तरीही यायचा, फक्त आवाज बारीक झाला.

मार्चमधला शेवटचा शनिवार. इथे मध्यरात्र, तिथे भर दुपार. यंत्राच्या बॅटरीत एकाच फोटोपुरता जीव उरलेला. वरून आदेश होता, क्षितिजाचा फोटो घ्या. निरोपाचा, पेपरात छापायला. दगडोबानं कॅमेरा दगडाकडे वळवायचा हुकूम लिहिला.

शेजारी सिग्नल सांभाळणारी बाई होती. ती म्हणाली, “अहो, नोकरी जाईल तुमची. आणि दिसणार काय? धूळ.”

“क्षितिजावर तरी दुसरं काय आहे?”

“छपाईला बरी दिसते ती धूळ,” असं म्हणत तिनं हुकूम पाठवला. तो तिथे पोचायला पाव तास, तिथून उत्तर यायला पाव तास. मधल्या वेळात आपल्या हातात काही नसतं. नुसतं बसायचं.

एवढ्यात काकूंचा फोन. “ये रे आता. वाट बघतायत.”

मागून सरांचा आवाज आला. कष्टानं, पण स्पष्ट. “पुसल्याशिवाय… येऊ नकोस म्हणावं.”

“फोटो आला की निघतोच, काकू.”

त्यानं फोन ठेवला. बाईनं चहा पुढे केला. तो तसाच निवत राहिला.

यंत्राच्या पोटात जमिनीचे हादरे टिपायची सोय होती. त्याची रेघ पडद्यावर सरळ चालली होती. कित्येक दिवस सरळच होती.

ती हलली.

एकदा. पुन्हा एकदा.

मग सरळ…

आणि एकदा.

“वारा असेल,” बाई म्हणाली.

दगडोबानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. वारा मध्ये थांबून ठोकत नाही. आणि हे जे काही होतं, ते आत्ता होत नव्हतं. पाव तासापूर्वी होऊन गेलं होतं. तिथे कुणी असेल, तर त्याचं ठोकून झालं होतं. आता ते पुढचं काम करत असेल…

रेघ पुन्हा हलली. दोनदा. थांबून एकदा. या वेळी मोठी. जवळून.

बाईनं खुर्ची मागे सरकवली. “बंद करता येतं का हे?”

“काय बंद करणार? होऊन गेलंय ते.”

फोन वाजला. काकू. पण पलीकडून शब्द येईना. नुसता श्वास.

“काकू… कधी?”

“मघाशीच. तुझा फोन ठेवला आणि… शेवटी अंगठा जिभेला लावला रे त्यांनी. मला वाटलं, पाणी मागतायत.”

पडद्यावर फोटो उतरू लागला होता. वरून खाली, पट्टी-पट्टीनं. आकाश. धूळ. दगडाचा माथा. धूळ. धूळ…

मग एक काळी जागा.

बोटाच्या पेराएवढी. धूळ बाजूला सरलेली. दगड ओला. तिथे पाणी ओतलं तर डोळ्यांदेखत उडून जातं. हे ओलं होतं. चकाकत होतं. मधोमध एक तिरकी भेग. आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना, पानावर पान ठेवावं तशा, बारीक, आडव्या… रेघा.

“सर,” तो म्हणाला. फोनवर काकू होत्या.

त्यानं हुकूम लिहिला. अजून एक फोटो. पाठवला. पुन्हा पाठवला. उत्तर आलं नाही. सकाळपर्यंत पाठवत राहिला. यंत्र मेलं होतं. सर बरोबर होते, आणि हे ज्यांना सांगायचं ते…

बाईनं त्याच्या हातातला गार कप काढून घेतला.

गच्चीवर भाची जवळ सरकली. तिनं हळूच विचारलं, “मामा, यातलं खोटं किती?”

सांगतो. शपथ घेतली होती, तेव्हा सांगायलाच हवं. ठोकणं खरं आहे. त्या हादऱ्यांचा आलेख त्या बाईनं जपून ठेवलाय. ठसाही खरा. दगडोबाच्या घरी फोटो आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय, तिरक्या भेगेसकट.

रेघा मी घातल्या.

त्या ओल्या जागेत भेगेखेरीज काही दिसत नाही. तेवढा बारीक फोटो काढणारा तो कॅमेराच नव्हता. लाव्हा की गाळ, कळायला मार्ग नाही. दगडोबा आजही भिंग घेऊन त्याच्यापुढे बसतो. म्हातारा एवढ्या लांब गेला, दार वाजवलं, अंगठा लावला, आणि त्याला काय दिसलं ते विचारायची सोय नाही.

म्हणून मी रेघा घालतो. दर वेळी सांगताना एखादी जास्तच.