नीलांबरचा साक्षीदार

धुरपताबाईचा फोन आला तेव्हा मल्लम्मा हालकुडे इष्टलिंगाच्या पूजेला बसल्या होत्या आणि देविदास अंगणात जीप पुसत होता. तीही कोरड्या फडक्यानं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. कुणी जीप धुताना दिसला असता तर गल्लीनं आधी त्यालाच धुऊन काढलं असतं.

फोनवर बहीण रडत होती. "दादा, वीरभद्रकाका घरात न्हाईत. दुपारी सभा, अन् माणूसच गायब. समदे माझ्याकडंच बघून राहिलेत."

देविदास धावत आत गेला आणि उंबऱ्यावरच थांबला. मल्लम्माअक्कांच्या डाव्या तळहातावर लिंग होतं. आता छप्पर कोसळलं तरी त्या हलणार नव्हत्या, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. पाणी अर्धी बादली मिळो की तांब्याभर, आधी अंघोळ, मग पूजा, आणि तोवर चहाचा थेंबही नाही. अक्का कडकच, पण उदगीरचे गुरुबसप्पा त्याहून कडक. एकदा लग्नाला जाताना त्यांची बस बंद पडली, अंघोळीला पाणी मिळालं नाही, तर संध्याकाळपर्यंत हा गडी कोरडा उपाशी बसून राहिला होता. वऱ्हाडी पेढे घेऊन मागं लागले तरी तोंड उघडलं नाही. देविदास ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगायचा. का सांगणार नाही? गुरुबसप्पा त्याचा जिवाभावाचा माणूस. धुरपताला नांदेडच्या विमानतळावर कामाला लावलं तेही त्यांनीच.

पूजा आटोपली, चहा झाला, तेव्हा कुठं अक्कांनी विचारलं, "काय रं, तोंड का पाडलंस?"

पोलीस खात्यात साहेबांशी पटेना म्हणून बाहेर पडलेल्या मल्लम्मा आता खासगी तपास करत. देविदास त्यांचा ड्रायव्हर, सोबती, आणि त्यांच्याच शब्दांत, जरा उशिरा पेटणारी चूल.

नांदेडच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं सगळं सांगितलं. नीलांबर आणि सागरहंस या देशातल्या दोन मोठ्या विमान कंपन्या एक होणार होत्या. दिल्लीपासून गल्लीपर्यंत त्याचीच चर्चा. कंपनीवाले म्हणत, दोन दुबळ्यांपेक्षा एक धडधाकट बरी, तिकीट स्वस्त होईल, विमानं वाढतील. नांदेडची कामगार संघटना म्हणे, अहो, दोघींची चढाओढ आहे म्हणून तर इथं विमान उतरतं. चढाओढ संपली की गुरुद्वाऱ्याचे यात्रेकरू जातील हैदराबादवरून, आणि आपण सामान वाहणारे, शिडी लावणारे, झाडूवाले बसू घरी. व्यापाऱ्यांनी त्यावर जाहीर चर्चा ठेवली होती आणि ती ऐकायला, परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या दिल्लीच्या समितीचे दोघे येणार होते.

नुसत्या म्हणण्याला मात्र कोण विचारतो? पुरावा म्हणजे निलंग्याचे वीरभद्र. नीलांबरमध्ये विमानांच्या वेळा ठरवणाऱ्या खात्यातून ते निवृत्त झालेले. दोन्ही कंपन्या एक झाल्या की नांदेडचं विमान बंद, हे ज्या बैठकीत ठरलं तिथं ते स्वतः हजर होते, आणि तसं समितीसमोर सांगायला तयार होते. कंपनीला सुगावा लागू नये म्हणून त्यांना नांदेडच्या सांगवीत धुरपताच्या घरी ठेवलं होतं. आज सकाळपर्यंत हे तिघांनाच माहीत होतं: धुरपता, संघटनेचे अध्यक्ष गुरुबसप्पा आणि सेक्रेटरी किशन.

धुरपताच्या घरी दार धड होतं, कडी शाबूत होती. पहाटे ती टँकरवर घागरी घेऊन गेली होती. परत आली तर वीरभद्रांचं अंथरूण नीट घडी केलेलं, पिशवी आणि चपला नाहीत.

"ओढून नेलेला माणूस अंथरुणाची घडी घालत न्हाई," अक्का म्हणाल्या.

शेजारच्या पंचफुलाबाईनं पांढरी मोटार पाहिली होती. कुणीतरी दारात पाठमोरा उभा राहून बोलत होता. ती अर्धापूरची, तिला ते बोलणं समजलं नव्हतं. "बर्री, बर्री असं कायतरी म्हणला बघा. मग ते म्हातारबुवा हसत भायेर आले."

बर्री म्हणजे कन्नडमध्ये 'या', आदरानं. अक्कांच्या माहेरी तेच बोलायचे.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली आणि गुरुबसप्पा आत आले. आल्याआल्या त्यांनी देविदासच्या खांद्यावर हात ठेवला, तसं देविदासला भरून आलं. अप्पा आले म्हणजे आता मार्ग निघणार.

"उदगीर सोडलं तवा नुकतं उजाडलं होतं," ते घाम पुसत म्हणाले. "टँकर आला न्हाई, घरात पाण्याचा टिपूस न्हाई. उठलो तसा गाडीवर बसलो. वाटेत धुरपताचा फोन आला, जीव उडाला माझा."

"वाटेत चहाला तरी थांबला असाल?" अक्कांनी विचारलं.

"कुठला चहा अक्का. तिकडून निघालो ते हितंच उतरलो."

धुरपतानं सगळ्यांना फोडणीचा सुशीला केला होता. चुरमुरे भिजवायला पाणी लागतं, ते तिनं आपल्या वाट्याचं घातलं होतं. अप्पांनी बशी रिकामी केली. अक्कांनी तिला आणखी वाढायला सांगितलं, तेही अप्पांनी खाल्लं, वर कपभर चहा घेतला.

मग ते देविदासला हळूच अंगणात घेऊन गेले. बोलवत नाही पण बोलावं लागतं, असं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. घर धुरपताचं, किल्ली धुरपताची. ती अजून कच्ची कामगार, आणि कच्च्याला पक्कं करतो म्हटलं की माणूस काय करील याचा नेम नाही. "मी तिला दोष देत न्हाई. पर तू भाऊ हायेस, तूच इचार."

देविदासच्या डोक्यात किडा पडला. तो सरळ चुलीपाशी गेला आणि म्हणाला, "धुरपते, माझी शपथ हाय. तूच तर न्हाई ना सांगितलंस कुणाला?"

धुरपतानं त्याच्याकडं पाहिलं. हातातली कढई तिनं राखेनं घासायला घेतली.

किशन विमानतळाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडला. हिमायतनगरचा हा माणूस तोंडानं फटकळ, आणि संघटनेत असूनही कंपन्या एक व्हाव्यात या मताचा. मोठी कंपनी आली तर पगारही मोठा मिळेल, असं त्याचं म्हणणं, आणि त्यावरून त्याचं गुरुबसप्पांशी हातघाईवर आलं होतं. देविदासला त्याच्यावरही संशय आला. त्या दिवशी त्याला भिंतींवरही आला असता.

"मला जे वाटतं ते मी सभेत उभा राहून बोलणार हाव," किशन म्हणाला. "चोरून माणूस पळवायला मला काय भ्या हाय का कुणाचं?"

"कन्नड येतं का तुला?" अक्कांनी विचारलं.

"थोडं तेलुगू येतं. कन्नड कुठलं यायला?"

नीलांबरचे व्यवस्थापक शिवमूर्ती स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात उतरले होते. बिदरकडचे, गोड बोलणारे, आणि कन्नड तर त्यांची घरची भाषा. हॉटेलच्या दिवाणखान्यात कारंजं चालू होतं. लातूरहून आलेल्या देविदासला ते बघून शिवीच आली. शिवमूर्तींनी सरबत मागवलं आणि चर्चेतली आपली बाजू इथंच मांडून टाकली: कंपनी बुडाली तर सगळेच कामगार जातील, एक झाली तर निदान काही राहतील. वीरभद्रांचं नाव निघताच ते म्हणाले, "आमचे जुने सहकारी. ते नांदेडात आहेत हे मला तुमच्याकडूनच कळतंय."

बाहेर पडताच देविदासनं मांडीवर थाप मारली. अक्का, हाच तो! कन्नड बोलतो, मोटार आहे, गरजही याचीच.

"समदं खरं," अक्का म्हणाल्या. "पर त्याला सांगवीतलं घर कुणी दाखवलं? अन् परका माणूस बोलवायला आला तर वीरभद्र हसत कसे गेले?"

देविदासनं जीप चालू केली. त्याला चुलीपाशी बसलेली बहीण आठवली.

सभेला लोक जमू लागले तसं अक्कांनी सभागृहामागच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. धुरपता भिंतीला टेकून उभी होती. किशन दारात. गुरुबसप्पा खुर्चीत, आणि देविदास सवयीनं त्यांच्या शेजारी.

"वीरभद्र आपल्या पायानं गेले," अक्कांनी सुरुवात केली. "म्हणजे न्यायला आलेला विश्वासातला होता. तो कन्नड बोलत होता. अन् त्याला घर माहीत होतं. घर माहीत असलेले तिघं. धुरपताला कन्नड येत न्हाई, किशनलाबी न्हाई. उदगीरच्या अप्पांना मात्र येतं."

"मी उदगीरला होतो," गुरुबसप्पा शांतपणे म्हणाले. "उजाडेपर्यंत."

"हाव. तिथंच मी अडले. मग तुम्ही सुशीला खाल्लात."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. देविदासला तर अजिबात नाही.

"अप्पा, तुम्ही अंघोळ केल्याबिगर लिंगाला हात लावत न्हाई, अन् पूजेबिगर तोंडात घोट घेत न्हाई. तुमच्या उपासाची गोष्ट या देविदासनं मला इतक्यांदा ऐकवली की पाठ झाली. आज तुम्ही म्हणालात, घरात पाणी नव्हतं, उठलो तसा निघालो, वाटेत कुठं थांबलो न्हाई. अन् माझ्यासमोर दोनदा वाढून घेतलंत, वर चहा. म्हणजे पूजा झालेली होती. म्हणजे अंघोळ झालेली होती. उदगीरात झाली न्हाई, वाटेत झाली न्हाई. मग पाणी कुठलं? नांदेडचं. तुम्ही कालपासून हितंच आहात."

गुरुबसप्पांनी खुर्ची मागं सरकवली.

"नुसतं उदगीरहून आलो म्हणला असता तर मला बोलायला जागा नव्हती. पाण्याचं रडगाणं तुम्ही जास्तीचं लावलंत. खोटं बोललात जिभेनं, पण पोटाला कसं सांगणार? पूजा खरंच झालेली, मनाला टोचणी न्हाई, भूक लागली, जेवलात."

इतकं पाणी दिसलं होतं ते एकाच जागी, म्हणून अक्कांनी किशनला कारंज्याच्या हॉटेलात जायला सांगितलं. शिवमूर्तीच्या शेजारच्या खोल्या बघ, म्हणाल्या. किशन धूम पळाला, आणि लोक अजून खुर्च्या ओढत होते तोवर वीरभद्रांना घेऊन आला. म्हातारा गोंधळून सगळ्यांकडं पाहत होता. सभा उद्यावर गेली ना? तसं गुरुबसप्पांनीच सांगितलं होतं. आणि इथं पाण्याची टंचाई, तिकडं हॉटेलात मुबलक पाणी आहे, अंघोळ-पूजा तिथंच करू म्हणून पांढऱ्या मोटारीतून घेऊन गेले. "आमी दोघं शेजारी बसूनच पूजा केली की," ते म्हणाले. "माझ्यासाठी अप्पांनी पाणीबी आणून ठेवलं."

देविदासच्या कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. या माणसानं हातावर लिंग घेतलं, शेजारच्याचा गळा कापायचं मनात ठरवून. आणि पूजा मोडली नाही म्हणून पुन्हा समाधानानं जेवला, तेही त्याच्या बहिणीच्या घरात, तिच्या वाटणीच्या पाण्यावर.

"का, अप्पा?" एवढंच त्याला विचारता आलं.

गुरुबसप्पा बोलले ते उदगीरबद्दल. आज ना उद्या उदगीर जिल्हा होणार. जिल्ह्याला धावपट्टी लागणार. शिवमूर्तीनं शब्द दिला होता की एक झालेली कंपनी पहिलं विमान तिथं उतरवील आणि तिथल्या कामाचा सगळा ठेका अप्पांचा. "आपल्या गावचीच पोरं लावली असती तिथं. नांदेडचं आज न्हाई तर उद्या जाणारच होतं."

"नांदेडचं जाणारच होतं," देविदास म्हणाला, "मग धुरपताचं नाव कशाला घेतलंत? तिला चोर ठरवल्यानं तुमचा जिल्हा लवकर होणार होता का?"

गुरुबसप्पा उठले आणि मागच्या दारानं निघून गेले. कुणी अडवलं नाही. इतकी वर्षं पाठोपाठ चालणारा देविदासही जागचा हलला नाही.

सभा झाली. शिवमूर्ती आकडे घेऊन छान बोलले, टाळ्याही पडल्या. मग वीरभद्र उभे राहिले आणि त्या बैठकीत कोण काय म्हणालं ते एकेक करून सांगितलं, तेव्हा दिल्लीचे दोघे एकमेकांकडं पाहू लागले. शेवटी किशन उठला. कंपन्या एक व्हाव्यात असं मला अजून वाटतं, तो म्हणाला, पण नांदेडचं विमान चालू राहील असं आधी लेखी द्या, मगच. समिती काय ठरवणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आता संघटनेचं म्हणणं नुसतं म्हणणं राहिलं नव्हतं. बाहेर पडताना संघटनेतल्या बायका धुरपताचा हात धरून बोलत होत्या. सकाळी बातमी फुटल्यावर याच बायका तिच्याकडं पाठ करून उभ्या होत्या.

गर्दी पांगल्यावर देविदास जीप घेऊन तिच्यापाशी आला. दार उघडलं. म्हणाला, चल, घरी सोडतो. अप्पांनी आपल्या सगळ्यांनाच फसवलं, असंही म्हणाला.

धुरपता गाडीत बसली नाही.

"अप्पा परका माणूस, दादा," ती म्हणाली. "त्यानं फसवलं तर फसवलं. तू मला शपथ घालून इचारलंस. त्याला इचारावं असं तुझ्या मनातसुदिक आलं न्हाई."

ती सांगवीच्या रिक्षात जाऊन बसली. देविदासनं तिच्यासाठी उघडलेलं दार लावलं आणि मागच्या सीटवरच्या अक्कांना घेऊन लातूरची वाट धरली.