साठ क्रेडिटांचं पाकीट

"पाकीट आलंय, पण फोडलेलं. बाद," विद्यापीठातल्या बाई फोनवर म्हणाल्या. "मुलीनंच मार्क बदलले असणार. कुणी फोडलं ते कळल्याशिवाय नवं घेणार नाही. पाच वाजले की प्रवेश रद्द."

कॉलेजच्या कचेरीत गुणपत्रिका देणाऱ्या ओफेलिया सामुदियोनं घड्याळ पाहिलं. सव्वातीन. काउंटरपलीकडे अरासेलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन वर्षं पहाटे टोमॅटोच्या पेट्या भरून पोरीनं या लहान कॉलेजात साठ क्रेडिट मिळवले होते. ते घेऊनच तिला विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बसायचं होतं. पण गुणपत्रिका बंद पाकिटातूनच जावी लागते. मध्ये कुणी उघडली की तिची रद्दी.

"मी हातसुद्धा लावला नाही, बाई. शप्पथ."

"सोमवारी इथून कुणी नेलं?"

"पापांनी. मी कामावर होते. तेच टपालात टाकणार होते."

ओफेलियानं पुन्हा फोन कानाला लावला. "परत कशानं बंद केलंय?"

"हिरवी पट्टी आहे, रबरासारखी ताणणारी. डिंक नाहीच. फार सुबक गुंडाळलीय."

"टपालाचा शिक्का?"

"बुधवारचा."

"पापा कुठे आहेत?" ओफेलियानं अरासेलीला विचारलं.

"बाहेर गाडीत. आत यायला लाजतात."

एलिसेओ मोंतेहानो टोपी हातात धरून आला. अक्रोडाच्या रोपवाटिकेत तो कलमं बांधायचा. सुरी लागू नये म्हणून डाव्या अंगठ्याला हिरवी पट्टी होती.

"एलिसेओभाऊ, पाकीट सोमवारीच टाकलंत?"

"हो."

"मग शिक्का बुधवारचा कसा?"

पोरगी बापाकडे बघतच राहिली.

"मंगळवारी कुठे होतं?"

"माझ्या शर्टात."

"पापा, तुम्ही? वाटोळं केलंत माझं."

"थांब पोरी," ओफेलिया म्हणाली. फोन चालूच होता, पलीकडच्या बाईंनाही ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं बोलली. "बिनडिंकाची, स्वतःवरच चिकटणारी ही पट्टी कलमवाल्यांची. मार्क बदलणारा माणूस फोडलेलं लपवतो. यांनी कलम बांधावं तसं चारचौघांना दिसेल असं बांधलं. का? तर फोडणं चूक आहे हे यांना ठाऊकच नव्हतं. खरं ना, भाऊ?"

"जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवलं," एलिसेओ टोपीकडे बघत म्हणाला. "मला वाचता येत नाही. तिचं नाव तेवढं ओळखतो."

फोनवरून बाई म्हणाल्या, "बरं. पाचच्या आत नवं आणा."

साठ मैल. ओफेलियानं नवं पाकीट बंद केलं, शिक्का मारला आणि बापलेकीला अक्षरशः गाडीकडे ढकललंच. मग ती नुसती बसून राहिली. कशात जीव लागेना.

चार बावन्नला फोन आला.

"सीलबंद पोचलं. साठच्या साठ धरले. पण हे गृहस्थ हलत नाहीत. म्हणतात, आता तुम्ही रीतसर फोडलंय, तर एकदा मला वाचून दाखवा. काय करू?"

"मुलगी काय करतेय?"

"भिंतीकडे तोंड करून रडतेय."

"मग कागद तिच्या हातात द्या," ओफेलिया म्हणाली. "तीच वाचून दाखवेल."